हत्तीण तर धडधाकट दिसत होती, मग डॉक्टर पायाकडेच का बघत होते?

जुलै २०२५ चा शेवटचा आठवडा आठवतोय का? आमच्याकडं म्हणजे शिरोळ, हातकणंगले, जयसिंगपूर ह्या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या स्टेटसला एकच फोटो होता, नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण. कोर्टाच्या कागदावर तिचं नाव महादेवी. १९९२ पासून ती मठात होती, म्हणजे माझ्या वयाच्या लोकांनी तिला बघत बघतच शाळा संपवली. १६ जुलैला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की तिची तब्येत बरी नाही, तिला गुजरातेत जामनगरला वनतारामधे, म्हणजे जिओवाल्या अंबानींच्या प्राण्यांच्या केंद्रात हलवा, २८ जुलैला सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं आणि तिला न्यायला गाडी आली. लोक रडले, नंतर हजारोंनी चालत कोल्हापूरला कलेक्टर ऑफिसवर गेले, जिओची सिमं पोर्ट केली, ते सगळं तुम्ही बघितलंच असेल.

माझी आत्या जयसिंगपूरला असते. ती त्या आठवड्यात रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची. "अगं एवढी मोठी हत्तीण, ढीगभर खाणारी, मिरवणुकीत चालणारी, ती आजारी कशी? गुडघे तर माझेपण दुखत्यात, मला न्हेत्यात का जामनगरला?"

कोर्टात कोण बरोबर कोण चूक हे मी सांगत बसणार नाही, त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मठाचं म्हणणं होतं की तिला लेकरासारखं सांभाळलं, आणि लोकांच्या मायेबद्दल मला काडीची शंका नाही. पण रिपोर्टांमधे जे शब्द आले, नखं वाढलेली, पाय सडलेला, संधिवात, डोकं सारखं हलवणं, ते आत्याला कळतील असे कुणी उलगडून सांगितलेच नाहीत, एका बाजूनं नुसता निकाल आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं रडणं. हत्तीची तब्येत तपासतात तरी कशी हे माझ्या एका व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर असलेल्या मैत्रिणीकडून मी बरंच ऐकलंय, थोडं स्वतः बघितलंय, थोडं नंतर वाचलंय. तेच इथं लिहिते.

जनावर आजार सांगत नाही, लपवतं

आपल्याला ताप आला की आपण घरभर सांगतो. रानातलं जनावर उलटं करतं, लंगडणारं हरीण वाघाच्या नजरेत पहिलं भरतं म्हणून ते शक्य तेवढं लंगडणं लपवतं. हत्ती मोठा असला तरी त्याच्यातही हे आहेच. त्यामुळं हत्ती खातोय, चालतोय, सोंडेनं आशीर्वाद देतोय ह्याचा अर्थ एवढाच की अजून त्याच्याच्यानं ते जमतंय. दुखत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ज्या दिवशी त्याला खाणं सोडावं लागतं त्या दिवशी बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो.

आणि दुसरी गंमत म्हणजे आपण हत्तीचं बघतो काय? सोंड, कान, डोळे, कपाळावरची नक्षी. व्हेट येतो तो पहिल्यांदा खाली बघतो.

पाय म्हणजे टाचेखाली स्पंज

हत्तीचा पाय बाहेरून खांबासारखा दिसतो पण आतून तो जवळजवळ बोटांवर उभा असतो. म्हणजे तुम्ही टाचा उचलून उभ्या राहिलात आणि टाचेखाली कुणीतरी जाड स्पंजाचा ठोकळा सरकवला तर जसं होईल तसं. तो ठोकळा चरबी आणि धाग्यांचा असतो, पाऊल टाकलं की पसरतो, उचललं की आवळतो. अशा चार ठोकळ्यांवर मोठ्या हत्तिणीचं साधारण तीन हजार किलो वजन, त्यातलंही जास्त पुढच्या दोन पायांवर.

जंगलात हत्ती दिवसाचे कितीतरी तास चालत असतो, माती, वाळू, दगड, नदी, सगळ्यावरून. त्यानं नखं आणि तळव्याची कातडी आपोआप झिजते. पाळलेला हत्ती एका जागी उभा, त्यातही फरशीवर नाहीतर सिमेंटवर, पायाला साखळी, खाली स्वतःचंच मूत आणि लीद. नखं वाढायची थांबत नाहीत, महिन्याला अर्धा ते एक सेंटीमीटर वाढतात, आणि झिजणं मात्र बंद. मग नख फाटतं, फटीत घाण जाते, पू होतो.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायची खरंतर गरजच नाही. गोठ्यात ओल राहिली की म्हशीचे खूर कसे होतात ते ठाऊक आहे, पावसाळ्यात भात लावताना बायकांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात तेही ठाऊक आहे. पाय सडणं म्हणजे तोच प्रकार, फक्त चिखल्या झालेली बाई संध्याकाळी पाय धुवून, पुसून, तेल लावून पाय वर घेऊन बसते आणि हत्तीला पाय वर घेऊन बसता येत नाही. जखम आहे त्याच पायावर परत तेच वजन, रात्रंदिवस. हळूहळू तो पू आत हाडापर्यंत जातो, आणि हाडाला लागण झाली की डॉक्टरांचेही हात टेकतात, कारण माणसासारखं प्लास्टर घालून सहा आठवडे झोपवून ठेवणं हत्तीच्या बाबतीत होत नाही. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांमधे हत्ती दगावण्यामागं किंवा त्याला शेवटी इंजेक्शन देऊन मुक्त करावं लागण्यामागं पाय आणि सांधे हे फार मोठं कारण आहे.

मी एकदा शिमोग्याजवळ सक्रेबैलूच्या हत्ती कॅम्पला गेले होते, तिथं सकाळी तुंगेच्या पाण्यात हत्तींना आंघोळ घालतात. सगळे पर्यटक हत्ती सोंडेनं पाणी उडवतो त्याचे व्हिडिओ काढत होते. माझ्यासमोरचा माहूत एका हत्तिणीच्या गुडघ्यामागं नुसती थाप मारायचा, ती पाय मागं दुमडून उचलून धरायची आणि तो नारळाच्या शेंडीनं तळवा घासायचा, मग अंगठ्यानं नखाच्या कडेकडेनं दाबत जायचा. एका ठिकाणी तिनं पाय हलकासा ओढला, तो थांबला, परत तिथंच दाबलं, परत ओढला. मग त्यानं दुसऱ्या माहुताला हाक मारून ती जागा दाखवली. बस, एवढीच तपासणी, आणि मला वाटतं त्या सकाळी तिथं झालेलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं.

आणखी एक जुनी खूण सगळे माहूत बघतात, नखांच्या वरची कड ओलसर आहे का. हत्तीला घाम जवळजवळ येतच नाही, घामाच्या ग्रंथी आहेत त्या नखांच्या मुळाशी. तिथं ओल दिसली की बरं, कोरडं ठणठणीत असेल तर माहुताच्या कपाळाला आठी.

"पण तीस वर्षं तर नीट चालत होती की!"

आत्याचा हा हुकमी मुद्दा. आणि तो खोटा नाहीये. पण सांधे आणि पाय एका दिवसात जात नाहीत, तीस वर्षं उभं राहणं हेच तर त्याचं कारण असतं. एसटीचा कंडक्टर रिटायर होईपर्यंत ड्यूटी करतच असतो, त्याच्या पायातल्या सुजलेल्या शिरा प्रवाशांना दिसत नाहीत. तसंच हे.

सांध्याचं दुखणं ओळखायची एक साधी युक्ती मला फार आवडली. हत्ती उभ्याउभ्या डुलकी काढतो पण गाढ झोपेसाठी त्याला कुशीवर आडवं व्हावं लागतं, तेही रात्री थोडे तासच. ज्याचे सांधे दुखतात तो आडवा होतच नाही, कारण त्याला भीती असते की परत उठता येणार नाही. मग तो भिंतीला टेकून नाहीतर झाडाला अंग लावून रात्र काढतो. त्यामुळं चांगला माहूत सकाळी आल्या आल्या हत्तीच्या कुशीला माती लागलीय का बघतो, माती असली तर रात्री झोप झाली, सलग काही दिवस अंग स्वच्छ असलं तर काहीतरी बिघडलंय. आणि स्वच्छ हत्ती बघून आपण म्हणणार, वा, काय छान ठेवलंय!

उठता न येणं ही हत्तीसाठी किती भयंकर गोष्ट आहे ते मुंबईकरांनी २०१३ मधे मुलुंडला बघितलंय. बिजली नावाची हत्तीण, रस्त्यावर फिरवून पैसे मागायला वापरलेली, खाली बसली ती उठलीच नाही. क्रेन लावून झालं, लोकांनी पावसात ताडपत्र्या धरल्या, ३० जूनला ती गेली. पडून राहिलेल्या हत्तीचं स्वतःचंच वजन त्याच्या स्नायूंना आणि फुफ्फुसांना चेपत राहतं.

डोकं हलवते म्हणजे खुशीत आहे ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, माझापण होता. लहानपणी आम्ही टाळ्या वाजवायचो, बघा हत्ती डुलतोय, भजनाला ताल धरतोय. जंगलातल्या हत्तीला असं तासन्‌तास एकाच लयीत डोकं वरखाली करताना किंवा ह्या पायावरून त्या पायावर झुलताना कुणी बघत नाही. हे बांधून ठेवलेल्या, एकट्या हत्तीत दिसतं. बघा, हत्तिणी रानात आई, मावश्या, बहिणी अशा गोतावळ्यात जन्मभर राहतात, माद्या कळप सोडून जात नाहीत. तिला एकटीला एका खुंट्याला बांधलं की मेंदूला करायला काहीच उरत नाही, मग तो एकच हालचाल धरून बसतो. पिंजऱ्यातला वाघ त्याच त्या वाटेवर येरझाऱ्या घालतो ते हेच.

आता ह्यात एक बारकावा आहे. एकदा जडलेली ही सवय नंतर चांगल्या जागी नेल्यावरही लगेच जात नाही, त्यामुळं डोकं हलवणारा हत्ती बघून "आत्ता ह्या मालकाकडं छळ चाललाय" असा थेट निष्कर्ष काढणंही चूक. कधीतरी, कुठंतरी बराच काळ मन मारून राहावं लागलंय एवढं त्यावरून कळतं.

लीद, कान आणि सोंड

बाकीची तपासणी ऐकायला मजेशीर आहे. हत्तीचा ताप बघायचा तर थर्मामीटर कुठं लावणार? ताज्या लीदेच्या गोळ्यात. पडल्या पडल्या गोळ्याच्या मधोमध खुपसायचं, आकडा शरीराच्या जवळपासच येतो, साधारण ३६ ते ३७ डिग्री. मैत्रीण म्हणते, "ह्या कामात टायमिंग महत्त्वाचं, आणि हातमोजे."

त्याच लीदेवरून दातपण कळतात. हत्तीला चघळायच्या दाढांचे जन्मात सहा संच मिळतात, मागून नवीन दाढ पुढं सरकत येते आणि पुढची झिजून पडते, एअरपोर्टवरच्या सामानाच्या पट्ट्यासारखं. लीदेत लांबलचक न चावलेले ऊस-कडब्याचे धागे दिसले की दाढेचा घोटाळा. सहावा संच झिजला की समोर चाऱ्याचा ढीग असूनही म्हातारा हत्ती उपाशी राहतो.

वजनासाठी काटा नसेल तर शिंप्यासारखी टेप लावून छातीचा घेर घेतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. (उंचीचं तर अजून सोपं, पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची जवळपास बरोबर येते, जंगलखात्यातले लोक चिखलातला ठसा मोजून हत्ती केवढा ते सांगतात.) मग कानशिलात खड्डा पडलाय का, पाठीचा कणा वर आलाय का, माकडहाडापाशी मांस किती, असं बघून तब्येतीला मार्क देतात. इथं लठ्ठपणालाही मार्क कापतात बरं का. केळी, गूळ, चपात्या, लाडू खाऊन गुबगुबीत झालेला हत्ती आपल्याला "भरलेला" वाटतो, त्याच्या सांध्यांना विचारा.

रक्त घेतात कानामागच्या शिरेतून. शिकवलेला हत्ती कान पुढं करतो आणि बदल्यात केळं खातो. एका जागी शांत उभ्या हत्तीचं काळीज मिनिटाला तीसेक वेळा धडधडतं, आपलं सत्तर-ऐंशी, त्यामुळं नवीन डॉक्टरला पहिल्यांदा वाटतं की मशीन बिघडलंय.

आणि सोंड कशाला? टीबीसाठी. हो, माणसाचाच टीबी. हत्तीला होतो तो बहुतेक वेळा माणसाकडूनच आलेला असतो, आणि हत्तीकडून परत माणसाला जाऊ शकतो. आपल्याकडं थुंकी तपासतात तसं हत्तीच्या सोंडेत सलाइनचं थोडं पाणी सोडतात, सोंड वर धरायला लावतात, मग खाली करून पिशवीत फुंकायला सांगतात. वेगवेगळ्या तीन दिवशी असे तीन नमुने, आणि लॅबमधे जंतू वाढायला काही आठवडे. आता विचार करा, मिरवणुकीत, दारोदार, लहान पोरांच्या डोक्यावर ज्या सोंडेनं आशीर्वाद दिला जातो त्या सोंडेची ही तपासणी किती जणांनी कधी मागितली असेल? मी तर नाही.

"मग बेशुद्ध करून एकदाच सगळे एक्सरे, एमआरआय काढा ना"

पायाचा एक्सरे निघतो, हातात धरायची मशीन असते, हत्ती पाय स्टुलावर ठेवायला शिकतो. पण खुब्याचा, छातीचा, पोटाचा विसराच, एवढ्या जाडीतून नीट काही दिसत नाही, आणि एमआरआयच्या बोगद्यात हत्ती घालणार कसा.

बेशुद्ध करणं म्हणजे तर जुगार. आपल्या फुफ्फुसाभोवती एक बारीक पोकळी असते, हत्तीला ती नसते, त्याची फुफ्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली असतात. तो श्वास घेतो तो छातीच्या स्नायूंच्या जोरावर. त्यामुळं इंजेक्शन लागल्यावर तो छातीवर बसला तर श्वासच अडतो, त्याला घाईघाईनं कुशीवर पाडावं लागतं, सोंडेचं टोक मिटू नये म्हणून काडी घालून उघडं ठेवावं लागतं. ह्यासाठी वापरायच्या औषधांपैकी एक इटॉर्फिन, मॉर्फिनच्या हजार पटीहून जास्त ताकदीचं, डॉक्टरच्याच बोटाला चुकून सुई लागली तर त्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून उतारा आधी भरून शेजारी ठेवतात. म्हणूनच जगभरात आता भर आहे तो हत्तीला शिकवण्यावर, की बाबा पाय दे, कान दे, सोंड वर कर, केळं खा.

आणि जंगलातल्याला कोण तपासतं?

दोडामार्ग, तिलारीकडं २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतायत. त्यांना कोण "पाय दे" म्हणणार? तिथं लांबूनच काम चालतं, ठसे, लीद, ड्रोनचा फोटो, चालताना पाऊल ओढतोय का, कानशिलं बसलीत का. लीदेतून जंतच नाही तर ताणाचे हार्मोनसुद्धा मोजता येतात, हैदराबादच्या सीसीएमबी ह्या सरकारी संशोधन संस्थेच्या लॅबमधे असं काम होतं, जनावराला हातही न लावता. अगदी गरज पडली तरच डार्ट, म्हणजे लांबून मारायची बेशुद्धीची सुई. थोडक्यात रानटी हत्तीचा डॉक्टर हा अर्धा डिटेक्टिव्ह असतो.

"सगळं मान्य, पण इलाज इथंच करायचा की!"

हा प्रश्न मला खरा वाटतो आणि ह्याचं उत्तर एका ओळीत नाही. पायाचा इलाज म्हणजे गोळ्या-इंजेक्शनं कमी आणि जागा बदलणं जास्त. सिमेंट जाऊन माती, वाळू. रोज औषधाच्या पाण्यात पाय बुडवणं. नखं थोडी थोडी कापत नेणं, एकदम कापली तर रक्त येतं, त्यामुळं महिनोन्‌महिने. डुंबायला खोल पाणी, कारण पाण्यात सांध्यांवरचं वजन उतरतं. चालायला मोकळी जागा, आणि सोबतीला दुसरी हत्तीण. ह्यातलं बरंच काही गावात करता येतं, पण शेवटचं कसं करणार? एका हत्तिणीला सोबत म्हणून अजून एक हत्तीण बांधायची?

दुसऱ्या बाजूला, नेण्यालाही किंमत असते. हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास गाडीत उभ्यानं, ओळखीचा माहूत नाही, ओळखीची भाषा नाही, हवा वेगळी. पाकिस्तानातला कावन हत्ती आठवत असेल, इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयात वर्षानुवर्षं एकटा, डोकं हलवत उभा, वजन वाढलेलं, नखं वाढून फुटलेली. कोर्टानं सोडवायचा हुकूम २०२० च्या मे मधे दिला आणि तो विमानानं कंबोडियाला पोचला नोव्हेंबरच्या शेवटी. मधल्या काळात डॉक्टरांनी त्याची तपासणी केली, वजन उतरवलं आणि पिंजऱ्यात स्वतःहून आत-बाहेर करायला शिकवलं. आपल्याकडं दुसऱ्या निकालानंतर सगळं इतक्या झपाट्यानं झालं की लोकांना नीट निरोपही घेता आला नाही, आणि माझ्या मते निम्मा राग त्या घाईचाच होता. कोल्हापूरकरांसाठी हा पहिला अनुभवही नव्हता, २०१४ मधे ज्योतिबाचा सुंदर नावाचा हत्ती असाच कोर्टाच्या आदेशानं बंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला गेला होता. मधल्या अकरा वर्षांत पायाची, नखांची ही माहिती गावोगाव पोचायला हरकत नव्हती.

म्हणून उद्या कुठल्याही देवस्थानाच्या, सर्कशीच्या नाहीतर रेस्क्यू सेंटरच्या हत्तीचा "तब्येत उत्तम" किंवा "तब्येत गंभीर" असा कागद तुमच्यासमोर आला तर मी काय विचारीन ते सांगते: पाय उचलून तळव्याचा फोटो आहे का आणि त्यावर तारीख आहे का, चोवीस तासातले किती तास साखळीला, पायाखाली काय, टीबीचे तीन नमुने कधी घेतले, रात्री आडवी होते का, आणि तपासणारा डॉक्टर हत्ती बघणारा आहे का गाई-म्हशींचा. हे प्रश्न मठाला विचारायचे तसेच वनतारालाही विचारायचे, कारण मोठा दवाखाना आहे म्हणून रिपोर्ट बघायचा नाही असं आपण माणसांच्या बाबतीत तरी करतो का?

आत्याला मी हे सगळं दोन-तीन फोनमधे सांगितलं. तिचं मत बदललं असं काही नाही, ती अजून म्हणते आमची हत्तीण आम्हाला द्या. पण मागं तिला जामनगरचा तो व्हिडिओ आला, हत्तीण तळ्यात डुंबतेय तो. रात्री तिचा फोन. म्हणाली, "बघितला गं. चारदा थांबवून मोठा करून बघितला. पाय पाण्यात आहेत, नखं दिसंनात."